विचारायला काय जातं?

कवळीकाकूंना राग यायला कारण लागत नाही, असं गल्लीत म्हणतात. ते खरं नाही. कारण लागतं, फक्त ते त्यांना उठल्यासुटल्या मिळतं. दातांच्या डॉक्टरांनी हिरड्यांचं लगद्यात उठवलेलं माप ओल्या फडक्यात न गुंडाळता तसंच पाठवलं की ते वाटेत सुकून आक्रसतं, आणि मग काकू फोनवरून डॉक्टरांना असं काही सुनावतात की पलीकडे खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटची दातखिळी बसावी. प्लास्टरमध्ये बुडबुडा राहिला की राग. मेण जास्त तापलं की राग. कोणी त्यांच्या कामाला 'दातांचं दुकान' म्हटलं, तर मग विचारायलाच नको.

काम त्यांचं कवळ्या करण्याचं. डॉक्टर तोंडातलं माप घेऊन पाठवतात. काकू त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतात, त्यावर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवतात, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून ते शिजवतात आणि शेवटी मोटरवर घासून चकचकीत करतात. जागा म्हणजे एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत प्लास्टर आणि पाणी, मागच्या खोलीत गॅस, मेण आणि पॉलिशची मोटर. खिडकीच्या कट्ट्यावर पांढरे जबडे ओळीने वाळत पडलेले असतात, त्यामुळे नवा पोस्टमन एकदा तरी दचकतोच. गुलाबी धूळ सगळीकडे: नळावर, दिव्याच्या बटणावर, काकूंच्या चष्म्याच्या दांडीवर. आणि कामाच्या टेबलाची डावी कड एका ठिकाणी कुरतडल्यासारखी झालेली. ते उंदराचं काम नव्हे. बिघडलेली कवळी त्या कडेवर आपटून मोडायची, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. मोडली नाही, तर आज ना उद्या 'चालेल, चालेल' करत ती कोणाच्या तरी तोंडात जाते.

काकू स्वतः शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात आपटल्या होत्या. पुन्हा बसल्या, पुन्हा आपटल्या. तेव्हा वडिलांनी हात टेकले आणि ओळखीच्या एका कवळी करणाऱ्याकडे त्यांना प्लास्टरचे वाडगे धुवायला पाठवलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांचा हात सोन्याचा, पण तोंडाला कुलूप. त्यांचं शिकवणं म्हणजे काय, तर तुम्ही केलेली कवळी घ्यायची, उजेडात फिरवायची, कडेवर आपटायची आणि दोन तुकडे तुमच्या ताटलीत ठेवून द्यायचे. का मोडली हे विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर ठरलेलं उत्तर यायचं: "डोळे आहेत ना? मग बघ." दोन वर्षांत येण्यासारखी विद्या पदरात पडायला काकूंचं तरुणपण खर्ची पडलं. म्हणून त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या हाताखाली कोणी आलं तर त्याला विचारायची पूर्ण मुभा असेल. ती मुभा त्या देतातही. "विचार ना! अगं, विचारायला काय जातं तुझं?" असं त्या दिवसातून कितीदा तरी म्हणतात. फक्त इतक्या जोरात म्हणतात की समोरच्याला जे विचारायचं असतं तेही त्याच्या डोक्यातून निघून जातं.

आता सरकारची गोष्ट. शाळा संपवून बाहेर पडलेल्या पोरापोरींनी गावभरच्या पायऱ्या, कठडे आणि पानटपऱ्यांचे बाक भरून गेले, तेव्हा सरकारला जाग आली. जाग आली की योजना येते. ही योजना अशी की शाळा सोडलेल्या मुलाला कोणी कारागिराने वर्षभर शिकाऊ म्हणून ठेवायचं. त्याला जे विद्यावेतन द्यायचं त्यातलं अर्धं सरकार देणार. वर्षाच्या शेवटी परीक्षक येणार आणि पास झाल्यावर कारागीर असल्याचं कार्ड मिळणार. कल्पना वाईट नव्हती. कल्पना वाईट कधीच नसते. पण योजनेचा माणूस हातात टॅबलेट घेऊन काकूंच्या दारात आला आणि त्याने आधी दाराबाहेर फलक लावायला सांगितलं, मग निळ्या रंगाचा अॅप्रन, मग आग विझवायचं नळकांडं. आणि दर आठवड्याला शिकाऊचा काम करताना फोटो हवा.

"फोटोत हसू दिसलं पाहिजे," तो म्हणाला. "वर दाखवावं लागतं."

"इथे लोक दात दाखवायला येत नाहीत, न्यायला येतात," काकू म्हणाल्या. पण त्यांनी सही केली, कारण कामाचा ढीग पडला होता आणि एकटीने किती निस्तरायचं?

पहिला शिकाऊ आला तो एका म्हाताऱ्याची वापरलेली कवळी दुरुस्तीला आलेली पाहून पिवळा पडला आणि दुपारच्या जेवणाला गेला तो गेलाच. दुसरा बरेच दिवस टिकला. पोरगा हुशार होता, फक्त हुशारी भलतीकडे चालायची. काकू बाहेर गेल्या की तो पॉलिशच्या मोटरवर आपल्या मोटरसायकलचे आरसे आणि दांडे चमकवायचा. एक दिवस काकू लवकर परतल्या आणि गिऱ्हाइकाच्या दातांवर ग्रीसचे डाग निघाले. त्या दिवशी काकू जे बोलल्या ते तीन मजल्यांवर ऐकू गेलं. पोरगा पार्सलं पोचवायच्या कामाला लागला, आणि तेव्हापासून पॉलिशच्या मोटरला काकूंशिवाय कोणी हात लावायचा नाही असा हुकूम निघाला. हा हुकूम लक्षात ठेवायचा, कारण पुढे सगळं घोडं तिथेच पेंड खाणार आहे.

तिसरी आली ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मुलगी.

शाळा सोडून ती दोन वर्षं घरात होती. घरात म्हणजे आईच्या इस्त्रीच्या टेबलामागे, कपड्यांच्या घड्या करत. अर्ज कितीतरी केले. रोजगार कचेरीत तर एक कारकून होते, ते तिला बघितलं की मान वर न करता म्हणायचे, "पुढच्या महिन्यात या." ती पुढच्या महिन्यात जायची. तेही पुढच्या महिन्यात तेच म्हणायचे. आई वैतागून जायची.

"जिथे जावं तिथे अनुभव मागतात हो," इस्त्रीवाली काकूंना सांगत होती. "अनुभव काय पोटातून घेऊन येतं का कोणी? आणि ही बया तोंडातून शब्द काढत नाही. विचारलं तर हो म्हणते. हाकललं तरी हो म्हणते."

"दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत," काकू म्हणाल्या. "उद्या पाठवा. दात माझ्याकडे भरपूर आहेत."

मुलीचा हात चांगला निघाला. मेणात दात बसवताना ती जीभ दातांत धरायची आणि असा काही दात कलता करायची की तो माणसाचा वाटायचा, दुकानातला नाही. काकूंनी हे तिला सांगितलं नाही. चांगलं झालेलं सांगायची त्यांना सवयच नव्हती. त्यांच्या मते जे मोडलं नाही ते चांगलं, हे कोणालाही कळावं. पण मुलीचं ते 'हो' त्यांना सोसवेना. "मेण जरा मऊ कर," म्हटलं तर तिने सगळं वितळवून पाणी केलं.

"अगं, किती मऊ ते कळलं नव्हतं ना? मग विचारायचं नाही का? विचारायला काय जातं तुझं?"

"हो काकू."

"हो काय? काय हो?"

"हो काकू, विचारीन."

आणि पुढच्या वेळी पुन्हा नंदीबैलासारखी मान. काकू दात-ओठ खात राहायच्या. तिचंही काय चुकत होतं म्हणा. शाळेत विचारलं की 'इतका वेळ कुठे लक्ष होतं?' ऐकावं लागायचं, कचेरीत विचारलं की पुढचा महिना, आणि घरात विचारलं की आईचा इस्त्रीइतकाच तापलेला चेहरा. 'हो' म्हटलं की बोलणं लवकर संपतं, एवढं एकच ती शाळेनंतरच्या दोन वर्षांत पक्कं शिकली होती.

वर्ष सरत आलं तेव्हा एक चांगली गोष्ट घडली. मोठ्या रुग्णालयातल्या दंतविभागात कवळ्या करायला एक जागा निघाली. तिथल्या प्रमुख बाई काही कामानिमित्त काकूंकडे आल्या होत्या, त्यांनी मुलीने बसवलेले दात पाहिले आणि स्वच्छ सांगितलं, "कार्ड घेऊन ये, जागा तुझी. पण कार्ड लागेल, त्याशिवाय मला घेता येणार नाही." कायमची जागा. इस्त्रीवालीने ते ऐकलं आणि त्या दिवशी कोणाचा तरी सदरा जाळला. परीक्षा तोंडावर आली होती. ती चुकली तर पुढची वर्षाने, आणि रुग्णालय काही वर्षभर खुर्ची रिकामी ठेवून वाट बघत बसणार नव्हतं.

परीक्षा अशी की शिकाऊने एक खरी कवळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने करायची, ती परीक्षकासमोर गिऱ्हाइकाच्या तोंडात बसायची आणि गिऱ्हाइकाने ती स्वीकारायची. एका डॉक्टरांनी मोठ्या मनाने आपला पेशंट दिला. वरचे सगळे दात गेलेले, खालचे जेमतेम शाबूत. मुलीने नाव वाचलं, मग माणूस पाहिला आणि तिच्या हातातला वाडगाच निसटला. रोजगार कचेरीतले तेच कारकून. आता निवृत्त झाले होते. त्यांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार कसं? इतकी वर्षं मान वर केली नव्हती.

"ज्यांच्यापुढे तू दातांच्या कण्या केल्यास, त्यांचेच दात तुझ्या हातात आले बघ," काकू म्हणाल्या. "आता नीट कर. सूड घ्यायचा तर कार्ड मिळाल्यावर."

"हो काकू."

तिने जीव ओतून काम केलं. दात बसवले, मेण उतरवलं, प्लास्टिक भरलं, शिजवलं. राहिलं ते पॉलिश. 'एकट्याने करायची' म्हटल्यावर मोटरचा हुकूम काकूंना मागे घ्यावा लागला. इतके दिवस पॉलिश करताना काकू मोटरकडे तोंड करून उभ्या असायच्या, आणि मुलीला दिसायची ती त्यांची पाठ. त्यात परीक्षेच्या आदल्या दिवशी डोक्यावर कामं नाचत होती. नळकांड्याची मुदत संपलेली, फलकाचा एक खिळा पडलेला, दोन डॉक्टरांची तातडीची कामं. निघता निघता दारातून काकूंनी बजावलं, "हे बघ, उद्या परीक्षक येणार. कवळी अशी चमकली पाहिजे की त्याला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. एक कोपरा सोडू नकोस, कळलं?"

"हो काकू."

तिने एक कोपरा सोडला नाही.

परीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या पाठोपाठच आला, त्यामुळे कवळी हातात घेऊन बघायला काकूंना सवड मिळाली नाही. माणूस साधा होता, पोट सुटलेला, कपाळावर घाम. आल्या आल्या पाणी मागितलं आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "माझा विषय पंप. पाण्याचे पंप. पण माणसं कमी म्हणून कुठेही पाठवतात. काल केशकर्तन केलं." मग त्याने कवळी उचलली, उलटीसुलटी फिरवली आणि त्याचा चेहरा खुलला. आतून-बाहेरून नुसती लखलखत होती. चकाकीचे पूर्ण गुण, गुळगुळीतपणाचे पूर्ण गुण, दातांच्या ठेवणीचे पूर्ण गुण. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, निळा अॅप्रन गळ्यापर्यंत बांधून.

"घाला साहेब," परीक्षक निवृत्त कारकुनांना म्हणाला, आणि फोटोसाठी फोन वर धरला. "हसा."

कारकून हसले. कवळी टाळूवरून सुटली आणि खालच्या दातांवर खट्कन आपटली. त्यांनी जिभेने ती वर ढकलली. पुन्हा हसले. पुन्हा खट्.

"चालेल, चालेल," ते जिभेने कवळी सावरत म्हणाले. जन्मभर सगळ्या कागदांवर त्यांनी हेच म्हटलं होतं.

काकूंनी हात पुढे केला, कवळी घेतली आणि खिडकीपाशी नेऊन आतून बघितली. आतली बाजू चमच्यासारखी चमकत होती. कवळीची आतली बाजू मोटरला कधी लावायची नसते. ती हिरड्यांच्या मापाची असते; घासली की माप जातं, आणि माप गेलं की कवळी तोंडात धरत नाही. ही या धंद्यातली पहिली गोष्ट, इतकी पहिली की ती कोणी कोणाला सांगत नाही. काकूंनाही उस्तादांनी कुठे सांगितली होती? उस्तादांनी त्यांच्या पहिल्या तीन कवळ्या मोडल्या, तेव्हा कळली होती.

आणि मग गल्लीने कधी पाहिलं नव्हतं ते घडलं. काकू गप्प बसल्या. कवळी परत कारकुनांच्या हातात दिली आणि ओठ मिटून घेतले. परीक्षकाचा पेन 'गिऱ्हाइकाने स्वीकारली' या ओळीवर आला होता, पुढे 'हो' किंवा 'नाही'. तो 'हो' वर टेकतच होता. टेकू दे. कार्ड मिळू दे. या म्हाताऱ्याला आपण संध्याकाळी बोलावू, नवं माप घेऊ, नवी करून देऊ, कोणाला पत्ताही लागणार नाही. पोरगी रुग्णालयात लागेल, इस्त्रीवाली पेढ्याऐवजी जळके सदरे वाटेल, काय वाटायचं ते वाटू दे. एवढंच, फक्त एवढाच एक क्षण सगळ्यांनी तोंड बंद ठेवावं.

"काकू," भिंतीपाशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "ती खाली का पडतेय?"

वर्षभर! वर्षभर या बाईने 'विचार, विचार' म्हणून घसा कोरडा केला होता. मेण वितळलं तेव्हा विचारलं नाही, प्लास्टर फुटलं तेव्हा विचारलं नाही, आणि तोंड उघडलं ते नेमकं आत्ता, परीक्षकाच्या पेनासमोर! काकूंना वाटलं, उठून हिच्या तोंडावर हात ठेवावा. परीक्षकाने मान वर केली. कारकूनही कवळी हातात धरून बघू लागले. 'सुरुवातीला सैल वाटते, मग बसते' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कोणीही विश्वास ठेवला असता. पंपवाल्याने तर आनंदाने ठेवला असता.

पण मुलीच्या चेहऱ्याकडे काकूंनी पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. तिला खरंच हवं होतं उत्तर. आणि आज तिला खोटं सांगितलं तर ती तेच खोटं घेऊन रुग्णालयात जाणार होती आणि तिथे रोज आतून चमकवणार होती.

"आतून पॉलिश केलीस म्हणून," काकू म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही, इतका हळू. "दोन ओल्या काचा एकमेकींना कशा चिकटतात? कवळी तशी टाळूला धरते. मध्ये थुंकीचा पातळ थर असतो, त्यावर. माप तंतोतंत असेल तरच. तू घासलंस, माप गेलं."

"मग आतून करायचं नसतं?"

"नसतं."

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

"नव्हतं सांगितलं," काकू म्हणाल्या.

परीक्षकाने पेन खाली ठेवला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण तो मुलीवरच चिडला. "अहो बाई, मी गेल्यावर विचारलं असतं तर? दाराबाहेर पडलो असतो, मग विचारायचं! आता मी ऐकलंय ना. आता मला 'नाही' लिहावं लागणार." आणि त्याने लिहिलं. कारकून अजूनही म्हणत होते की चालेल, चालेल, पण आता त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

सगळे गेल्यावर काकूंनी कवळी उचलली. हात आपोआप टेबलाच्या डाव्या कडेकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काकू," मुलगी म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज होता. "मी मोडू का?"

काकूंनी कवळी तिच्या हातात दिली. तिने आपटली. एक तुकडा कपाटाखाली गेला तो अजून तिथेच आहे.

संध्याकाळी इस्त्रीवाली आली. ती ओरडली असती तर काकूंना बरं वाटलं असतं; ओरडण्याला उत्तर देता येतं. ती दारातच उभी राहिली.

"तुम्हीच सांगायचात ना तिला, विचारायला काय जातं? हे गेलं. बघितलंत ना? कायमची जागा गेली." तिने पदराने मान पुसली. "दोन वर्षं मी म्हणत होते, बोल गं बाई, बोल. आज एक दिवस गप्प राहिली असती, तर पोरीचं आयुष्य मार्गी लागलं असतं. आणि ती पोर आहे, तिला अक्कल नाही. तुम्ही? तुम्हाला एरवी कोणाला धड उत्तर देता येत नाही, आणि आजच बरं समजावून सांगावंसं वाटलं?"

वर्षानुवर्षं ज्यांची जीभ कात्रीसारखी चालली त्या काकू मेणाची सुरी पुसत बसल्या.

"उद्या पाठवा तिला," त्या शेवटी म्हणाल्या.

"कशाला? योजना संपली."

"योजनेचं मला काय सांगता? त्या म्हाताऱ्याला दात नकोत का? पगार मी देईन. पूर्ण. पाठवा."

इस्त्रीवालीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, पण मुलगी सकाळी आली. त्याच आठवड्यात योजनेच्या माणसाचा फोन आला की आपल्याकडचे तीनपैकी दोन शिकाऊ पळाले आणि एक नापास, तेव्हा आपलं नाव कमी करण्यात आलेलं आहे, कृपया फलक जमा करावा. काकूंनी सांगितलं की फलक प्लास्टरच्या पिंपावर झाकण म्हणून चपखल बसलाय, हवा तर येऊन घेऊन जा. तो काही आला नाही.

निवृत्त कारकुनांना नवं माप द्यायला बोलावलं, तेव्हा त्यांनी तोंड उघडण्याआधी विचारलं, "मिळतील कधी?" आणि मुलगी मान वर न करता म्हणाली, "पुढच्या महिन्यात या." मग तिलाच हसू फुटलं, आणि तिने सांगितलं की पुढच्या आठवड्यात. कारकुनांना यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

आता काकूंच्या रागाला नवं कारण मिळालं. पोरगी विचारायला लागली होती, आणि एकदा बांध फुटल्यावर थांबेना. मेण पिवळं का, गुलाबी का नाही? शिजवताना पाणी हळूहळू का तापवायचं? हा दात कलता का चालतो आणि तो का नाही? काकू डोकं धरून बसायच्या. "अगं, जरा श्वास घे! मी काय शाळा उघडलीय?" पण उत्तर द्यायच्या. आणि एक दिवस प्लास्टर कालवताना, नेहमीप्रमाणे काकूंनी त्यात चिमूटभर मीठ टाकलं, तेव्हा प्रश्न आला.

"काकू, मीठ का टाकतो आपण?"

"टाकायचं असतं."

"पण का?"

काकूंच्या ओठांवर वाक्य आलं. पूर्ण, तयार, उस्तादांच्या आवाजात: डोळे आहेत ना? मग बघ. ते त्यांनी तसंच गिळलं. कारण त्या वाक्याखाली खरं उत्तर काही सापडेना. उस्ताद टाकायचे. म्हणून त्या टाकत आल्या. या हाताने किती पोती प्लास्टर कालवलं, आणि त्यात किती मीठ गेलं, देव जाणे.

"माहीत नाही," काकू म्हणाल्या. हे दोन शब्द त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारले गेले होते.

मग दोघींनी दोन वाडगे कालवले, एक मिठाचा, एक बिनमिठाचा, आणि नखाने टोचून बघत बसल्या. मिठाचं प्लास्टर भराभर घट्ट झालं. बिनमिठाचं आरामात झालं. पण दुसऱ्या दिवशी सुरीने खरवडून बघितलं तर बिनमिठाचा साचा कडक आणि मिठाचा जरा भुसभुशीत. काकूंना आठवलं, उस्तादांचा दुपारी कोपऱ्यावर पत्त्यांचा अड्डा असायचा. काम लवकर उरकायचं असायचं. घाई त्यांना होती. आणि त्यांच्या पत्त्यांसाठी काकू आजवर मीठ टाकत आल्या. राग एवढा आला, पण कोणावर काढणार? उस्ताद कधीच गेले होते. मेले म्हणजे सुटले, असं काकू म्हणाल्या आणि मिठाचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ढकलून दिला.

कारकुनांची दुसरी कवळी अशी बसली की काढताना त्यांना अंगठा लावावा लागला. त्यांनी पाव चावून बघितला आणि मग पुन्हा चावला.

रुग्णालयातली जागा भरली गेली. कार्ड असलेला एक मुलगा घेतला, दुसऱ्या कुठल्या तरी केंद्रातून पास झालेला. मुलीने ते ऐकलं आणि त्या दिवशी तिने दिवसभर काही विचारलं नाही. काकूंना ती शांतता फार जड गेली.

काही दिवसांनी रुग्णालयातून एक पुडकं आलं. आत कवळी, आणि प्रमुख बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी: सैल आहे, पेशंट तक्रार करतो, कृपया बघाल का? काकूंनी कवळी उजेडात धरली. आतून चमच्यासारखी चमकत होती. त्यांनी ती मुलीपुढे ठेवली.

मुलीने ती हातात घेतली. अंगठा आतून फिरवला.

"काकू," ती म्हणाली, "त्यालाही कोणी सांगितलं नसेल, ना?"

"नसेल."

"आणि तो विचारत नसेल."

"कार्ड आहे ना त्याच्याकडे. तो कशाला विचारतोय?"

मुलीने कवळी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि अॅप्रनची गाठ सोडली. "मग मी जाऊन सांगून येऊ त्याला?"

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. हिची खुर्ची, हिचा पगार, हिचं कपाट, त्यात तो बसलाय. आणि ही पायपीट करत त्याला शिकवायला निघालीय, फुकट! सरकारने हे करायला नको? त्या टॅबलेटवाल्याने? त्या पंपवाल्याने? त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते एवढंच.

"जा. आणि प्लास्टरमध्ये मीठ टाकतो का तेही विचारून ये."